व्हिटॅमिन ए: चष्म्याचा नंबर नाही उतरणार, पण ताटात काय पाहिजे ते सांगतो

"गाजर खाल्लं तर नंबर उतरते का हो?"

नागपुरात सीताबर्डीवर चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचं काम करतो मी, ऑप्टोमेट्रिस्ट आहे, डॉक्टर नाही, आणि हा प्रश्न मला कॉलेजच्या पोरींपासून रिटायर्ड मास्तरांपर्यंत सगळेच विचारतात. उत्तर सरळ आहे, नाही उतरत. नंबर येतो तो डोळ्याचा गोळा लांब किंवा आखूड असल्यामुळे, नाहीतर समोरच्या पारदर्शक पडद्याच्या गोलाईत फरक असल्यामुळे, आणि गाजर खाऊन ना गोळ्याची लांबी बदलत ना गोलाई. लोक हिरमुसतात बिचारे. पण तेवढं सांगून सोडलं तर गोष्ट अर्धीच राहते, कारण व्हिटॅमिन ए कमी पडलं तर डोळा जाऊ शकतो, खरंच जाऊ शकतो, आणि जातो तो बहुतेक लहान पोराचा ज्याला सांगताही येत नाही की मला दिसून नाही राहिलं. म्हणून बाजारातून काय आणायचं, कसं शिजवायचं, पोरांना डोस कधी द्यायचा आणि मेडिकल स्टोअरमधून काय आणायचं नाही, हे एकदा लिहून टाकतो.

गाजराची हवा झाली कशी तेही सांगतो, मजेदार आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश पायलट रात्रीच्या अंधारात जर्मन विमानं पाडून राहिले होते, खरं कारण होतं विमानात बसवलेलं रडार, पण ते लपवायचं होतं म्हणून सरकारने जॉन कनिंगहॅम नावाच्या पायलटचं नाव पुढे करून उडवून दिलं की आमचे पायलट गाजरं खातात. ऐंशी वर्षं होऊन गेली, अफवा अजून आपल्या डब्यात आहे.

आधी हे डोळ्यात करते काय

डोळ्याच्या मागच्या पडद्यात दोन प्रकारच्या पेशी असतात. कोन पेशी उजेडात आणि रंगांसाठी, साधारण ६० लाख, आणि रॉड पेशी कमी उजेडासाठी, साधारण १२ कोटी. रॉडमध्ये रोडॉप्सिन नावाचा पदार्थ असतो, तो बनतो ऑप्सिन नावाचं प्रोटीन आणि रेटिनल मिळून, आणि हे रेटिनल म्हणजेच व्हिटॅमिन एचं एक रूप. त्याचा रेणू वाकलेला असतो, त्याच्यावर प्रकाश पडला की तो सरळ होतो, त्यामुळे प्रोटीनचा आकार बदलतो आणि मेंदूकडे सिग्नल जातो. मग सरळ झालेलं रेटिनल सुटं होते, त्याला परत वाकवून परत जोडावं लागते, आणि या फेऱ्यात थोडं थोडं कमी होत जाते ते रक्तातून भरून काढावं लागते. हे सगळं उलगडणाऱ्या जॉर्ज वाल्डला १९६७ मध्ये आणखी दोघांसोबत नोबेल मिळालं.

मे महिन्याच्या उन्हातून टॉकीजमध्ये शिरलं की काही वेळ सीट नंबर दिसत नाही ना, तेव्हा हेच चालू असते, उन्हाने मोडलेलं रोडॉप्सिन परत तयार होऊन राहिलं असते. पूर्ण सरावायला निरोगी डोळ्यालाही अर्धा तास लागतो. ज्याच्या शरीरात व्हिटॅमिन ए नाही त्याचं हे भरतच नाही, म्हणून दिवसा सगळं ठीक आणि दिवेलागणीला आंधळा. हाच रातांधळेपणा.

दुसरं काम त्याच्याहून मोठं आहे पण त्याच्याबद्दल कोणी बोलत नाही. शरीरात जिथं जिथं ओलसर अस्तर आहे, डोळ्याचा पांढरा भाग, नाक, घसा, फुफ्फुसं, आतडी, लघवीची नळी, ते अस्तर ओलं आणि शाबूत ठेवायला व्हिटॅमिन ए लागते. ते नसलं की हे अस्तर कोरडं होऊन चामड्यासारखं जाड व्हायला लागते आणि जंतूंना रस्ता मोकळा. प्रतिकारशक्तीच्या पेशी तयार व्हायला, पोरांची वाढ व्हायला, पोटातल्या बाळाचे अवयव घडायलाही ते लागतेच. आल्फ्रेड सोमर हे अमेरिकेचे डोळ्यांचे डॉक्टर इंडोनेशियात पोरांच्या रातांधळेपणाचा अभ्यास करून राहिले होते, त्यांच्या लक्षात आलं की ज्या पोरांना नुसता रातांधळेपणा आहे, बाकी धडधाकट दिसतात, ती पोरं जास्त मरतात, जुलाबाने आणि छातीच्या आजाराने. मग सुमात्राच्या उत्तरेला काही गावांत पोरांना वर्षातून दोनदा व्हिटॅमिन ए दिलं आणि काही गावांत नाही. १९८६ मध्ये निकाल छापून आला, डोस दिलेल्या गावांत बालमृत्यू साधारण एक तृतीयांशाने कमी. पुष्कळ लोकांनी तेव्हा विश्वासच ठेवला नाही. पुढे वेगवेगळ्या देशांत प्रयोग झाले, कुठे फरक कमी दिसला कुठे जास्त, पण जिथे कमतरता आहे तिथे पोरं वाचतात हे टिकलं.

आपल्याकडचं बघायचं तर २०१६ ते १८ दरम्यान केंद्र सरकारने पोरांच्या पोषणाचं मोठं सर्वेक्षण केलं, त्यात १ ते ४ वर्षांच्या साधारण १८ टक्के मुलांच्या रक्तात व्हिटॅमिन ए कमी निघालं. म्हणजे पाच-सहा पोरांमागे एक. पूर्वीसारखी आंधळी झालेली पोरं आता फारशी दिसत नाहीत ही चांगली गोष्ट आहे, पण आतून कमी असलेली आहेत.

घरी कसं ओळखायचं

खेड्यावर हे लवकर समजायचं, कारण संध्याकाळ झाली की बाकी पोरं अंगणात हुंदडायची आणि एखादं पोट्टं ओट्यावर गुपचूप बसून राहायचं, ताटातलं चाचपडायचं, दाराच्या चौकटीला धडकायचं. नागपुरात आता गल्लीबोळात एलईडीचा लख्ख उजेड, घरात प्रत्येक खोलीत ट्यूबलाइट, तर रातांधळेपणा असला तरी तो दिसणार कधी? लाइट गेली तेव्हा, नाहीतर गावाला गेलो तेव्हा. म्हणून शहरातल्या आईबाबांनी मुद्दाम बघावं असं मला वाटते. सोपं आहे, संध्याकाळी एका खोलीतले मोठे दिवे बंद करा, बाहेरच्या खोलीतून येतो तेवढाच मंद उजेड ठेवा, दहा-पंधरा मिनिटं तिथंच गप्पा मारत बसा आणि मग जमिनीवर ओळखीची खेळणी ठेवून पोराला उचलायला सांगा. भाऊबहीण असेल तर दोघांनाही सोबत सांगा, फरक लगेच दिसते. ही काही तपासणी नाही, शंका घ्यायला जागा आहे का एवढंच त्यातून कळते.

पुढची खूण म्हणजे डोळ्याचा पांढरा भाग निस्तेज होणे, त्याची ओली चकाकी जाणे, त्याच्यावर सुरकुत्या दिसणे. मग बुबुळाच्या बाजूला, बहुतेक कानाकडच्या बाजूला, साबणाच्या फेसासारखा पांढुरका डाग येतो, त्रिकोणी असतो, त्याला बिटॉट स्पॉट म्हणतात. तो दिसला की वाट बघायची नाही. कारण त्याच्यापुढची पायरी म्हणजे समोरचा पारदर्शक पडदाच कोरडा पडणे, त्याला जखम होणे आणि तो विरघळल्यासारखा मऊ होऊन फुटणे, आणि हे शेवटचं काही वेळा एक-दोन दिवसांतच होऊन जाते, विशेषतः पोराला गोवर झाला असेल किंवा जुलाबाने खंगलं असेल तर. त्या डोळ्याला परत दृष्टी येत नाही.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा, मोठ्या माणसाला रात्री कमी दिसते म्हणजे व्हिटॅमिन ए कमी असं लगेच समजू नका. आमच्याकडे चाळिशी-पन्नाशीनंतर "रात्री गाडी चालवताना समोरच्या लाइटने काहीच दिसत नाही" म्हणून जे येतात त्यांच्यात मोतीबिंदू निघतो, मोठा मायनस नंबर निघतो, काचबिंदू निघतो, डायबेटीसने पडदा खराब झालेला निघतो. घरात मामाला, मावसभावाला तसंच असेल तर रेटिनायटिस पिग्मेंटोसा नावाचा आनुवंशिक आजार असू शकतो. यातल्या एकालाही गाजराचा ज्यूस पुरत नाही, आणि सहा महिने ज्यूस पीत बसलं तर तेवढा वेळ वाया जातो.

मोठ्यांमध्ये खरी कमतरता कोणाला होते? गरोदर बायकांना शेवटच्या तीन महिन्यांत, कारण बाळ ओढून घेते, आणि त्या वेळी संध्याकाळी नीट दिसत नसेल तर लाजू नका, तपासणीला गेल्यावर सांगा. खूप दारू पिणाऱ्यांना, लिव्हरच्या पेशंटना, ज्यांना महिनोन्‌महिने जुलाब आहेत त्यांना, वजन कमी करायचं पोटाचं ऑपरेशन झालेल्यांना. आणि हल्ली एक नवीन मंडळी, तेल-तूप पूर्ण बंद करून बसलेली, त्यांच्याकडे येतोच आता.

बाजारात काय घ्यायचं

व्हिटॅमिन ए दोन रस्त्यांनी येते. एक तयार माल, म्हणजे रेटिनॉल, हा फक्त प्राण्यांकडून येतो: कलेजी, अंडं, दूध, तूप, लोणी, मासे. दुसरा कच्चा माल, म्हणजे बीटा-कॅरोटीन आणि त्याचे भाऊबंद, हा झाडांकडून, आणि त्याचं व्हिटॅमिन ए आपलं आतडं बनवते. हिशोब असा धरतात की जेवणातलं १२ मायक्रोग्रॅम बीटा-कॅरोटीन खाल्लं की १ मायक्रोग्रॅम रेटिनॉल हाती लागते. म्हणजे शाकाहारी माणसाला पाला जरा मनापासून खावा लागतो, पण जमते, न जमण्यासारखं काही नाही.

किती लागते? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) २०२० मध्ये आकडे दिले ते असे: पुरुषाला रोज १००० मायक्रोग्रॅम, बाईला ८४०, गरोदर असेल तर ९००, अंगावर पाजत असेल तर ९५०, एक ते तीन वर्षांच्या पोराला ३९०, चार ते सहाच्याला ५१०. रोजच्या रोज मोजायची मात्र गरज नाही, कारण आपलं लिव्हर म्हणजे धान्याची कणगी आहे, चार दिवस भरपूर आलं तर साठवते आणि कमी आलं तर त्यातून काढते, चांगल्या खाणाऱ्याची कणगी कित्येक महिने पुरते.

आता रंगाची गंमत. लोक म्हणतात लाल-केशरी दिसलं की व्हिटॅमिन ए. आपलं संत्रंच घ्या, २०१४ मध्ये जीआय टॅग मिळालेलं, सगळ्यात केशरी, सगळ्यात लाडकं, पण त्या जातीच्या संत्र्यात शंभर ग्रॅममागे साधारण ३०-३५ मायक्रोग्रॅमच मिळते. खा, जरूर खा, व्हिटॅमिन सीसाठी खा, पण डोळ्याचं काम झालं असं समजू नका. टमाटर आणि टरबूज लाल असतात ते मुख्यतः लायकोपीनमुळे, त्याचं व्हिटॅमिन ए बनत नाही. बीटाच्या लालीत काहीच नाही. हळदीच्या पिवळ्यात तर अजिबात नाही. उपवासाला आणतो ते पांढरं रताळं जवळपास रिकामं असते, आतून केशरी असलेलं मिळालं तर मात्र सोडू नका, ते गाजराच्या तोडीचं आहे. थंडीतलं लाल गाजर चालते, लायकोपीनसोबत बीटा-कॅरोटीनही असते त्यात. केशरी गाजर घेतलं तर शंभर ग्रॅममध्ये ८०० च्या वर जाते.

आणि खरा खजिना केशरी दिसतच नाही, तो हिरवा आहे. पालेभाजीत कॅरोटीन भरपूर असते, फक्त हिरव्या रंगाखाली झाकलेलं. पालकात शंभर ग्रॅममागे साधारण ४७०, शेवग्याच्या पाल्यात पावणेचारशेच्या आसपास, आणि सांभार, म्हणजे पुणेवाले कोथिंबीर म्हणतात ते, हो आपला सांभारच, तीनशेच्या वर. आता सांभारवडी खाताना मनाला अपराधी वाटू देऊ नका, म्हणजे तळणाचं वाटू द्या थोडं, पण आतलं सारण डोळ्याच्या कामाचं आहे. पाला जितका गडद तितका माल जास्त, हा साधा नियम. पत्ताकोबीची आतली पांढरी पानं या हिशोबात काहीच नाहीत.

हिवाळ्यात कॉटन मार्केटला किंवा बुधवारी बाजारात जाल तर पालक, मेथी, सांभार इतकं स्वस्त असते की जुडी उचलायला विचार करावा लागत नाही. उन्हाळ्यात पालेभाजी महागते आणि सुकून येते, तेव्हा चिवळ घ्या, डाळ घालून, आणि पपई, आंबा खा, शंभर ग्रॅममागे ५० च्या आसपास मिळते, गाजराएवढं नाही पण पोरं नखरे न करता खातात हे महत्त्वाचं. पावसाळ्यात तरोट्याची कोवळी पानं येतात, गावाकडून आलेल्या बायका टोपलीत घेऊन बसतात, आणि ही भाजी शहरातल्या घरांतून चाललीच आहे, कारण सुनेला ओळखता येत नाही आणि सासूला निवडायचा कंटाळा. आणि कोहळं, म्हणजे पुणेवाले लाल भोपळा म्हणतात ते, वर्षभर मिळते. कापलेलं बघून घ्या, आतला गर फिका पिवळा असेल तर सोडा, गडद केशरी असेल तर घ्या. भाजी करा, नाहीतर बोंडं करा, कोण नाही म्हणते.

एक कळकळीची विनंती, मुळ्याचा पाला आणि फुलकोबीची कोवळी हिरवी पानं भाजीवाल्याकडेच तोडून टाकू नका. आपण पांढरा भाग पैसे देऊन घरी आणतो आणि जिथं व्हिटॅमिन ए आहे तो भाग गायीला घालतो. गाय बरी दिसते मग, आपण चष्मा लावतो. (चष्मा यामुळे लागत नाही हे वर सांगितलंच आहे, पण बोलायची गोष्ट.)

मटण-चिकन खाणाऱ्यांचं काम सोपं. कोंबडीच्या शंभर ग्रॅम कलेजीत ३००० मायक्रोग्रॅमच्या वर असते, बकऱ्याच्या कलेजीत त्याच्या दुपटीच्याही पुढे. सुश्रुतसंहितेतसुद्धा रातांधळेपणावर बकऱ्याचं यकृत पिंपळी घालून द्यायला सांगितलं आहे, रेटिनॉल कोणाला माहीत नव्हतं तेव्हाची गोष्ट ही. पण सावजीवाल्याकडे कलेजी चांगली मिळते म्हणून रोज ओढू नका, आठवड्यातून एकदा लहान वाटी पुष्कळ झाली. गरोदर बाईने कलेजी टाळायचीच, कारण खाली सांगतो. अंड्यात साधारण ७५ मायक्रोग्रॅम, आणि ते सगळं पिवळ्या बलकात, तेव्हा जिमवाल्या पोरांनो, बलक फेकून पांढरं खाता ते तुमचं तुम्ही बघा.

शिजवायचं कसं

ही जागा सगळ्यात जास्त चुकते म्हणून इथं थांबतो जरा.

व्हिटॅमिन ए आणि कॅरोटीन दोन्ही चरबीत विरघळतात, पाण्यात नाही. जेवणात तेल-तूप नसेल तर पालक पोटातून जाईल तसा बाहेर जाईल, कॅरोटीन आतड्यात शोषलंच जाणार नाही. वाटीभर तेल लागत नाही, एक छोटा चमचा बस आहे, पण तो चमचा पाहिजे. आपल्या आज्या पातळ भाजीवर वरून लसणाची फोडणी ओतायच्या ते नुसतं चवीसाठी होत असेल पण काम नेमकं झालं. याच्या उलट, डाएट म्हणून नुसता उकडलेला पालक, तेल न घातलेलं सूप, कच्च्या गाजराचा गाळलेला रस रिकाम्या पोटी, यात पैसे आणि मेहनत जाते आणि हाती थोडंच लागते. रस प्यायचाच असेल तर जेवणासोबत प्या, नाहीतर सोबत चार शेंगदाणे खा, तेवढीही चरबी कामाला येते. मला विचाराल तर गाजराचा हलवा रसापेक्षा परवडला, साखर कमी घाला म्हणजे झालं, त्यात तूप आणि दूध दोन्ही आहेत.

कच्चं चांगलं की शिजवलेलं? इथं शिजवलेलं जिंकते. कॅरोटीन पेशींच्या भिंतीत अडकलेलं असते, बारीक चिरलं, शिजवलं, घोटलं की सुटते. पण झाकण ठेवून, थोडा वेळ. भाजी काळी पडेपर्यंत परतत बसलं, किंवा तेच तेल तीन-तीनदा तापवलं तर ते उडते. धुण्याने काही जात नाही, तेव्हा पालेभाजी भरपूर पाण्यात धुवा, नाल्याकाठचा पाला असेल तर दोनदा जास्त धुवा.

ऊन हा याचा खरा दुश्मन. मेथी वाळवायची तर सावलीत, पंख्याखाली वाळवा, गच्चीवरच्या नागपुरी उन्हात नको, तिथं मेथी दोन दिवसांत खडखडीत होते आणि कॅरोटीन पार उडून जाते. दुधाची थैली सकाळी दारावरच्या पिशवीत नऊ वाजेपर्यंत उन्हात लटकत असते तेही बरं नाही. तेलाची बाटली खिडकीत ठेवू नका. दूध आणि तेल घेताना पाकिटावर निळं +एफ चिन्ह बघा, त्या मालात व्हिटॅमिन ए आणि डी वरून घातलेलं असते, ज्यांच्या घरी पालेभाजी दोन-दोन आठवडे येत नाही त्यांना हा फुकटचा आधार आहे.

एक दिवसाचा अंदाज द्यायचा तर, बाईच्या ताटात शंभर ग्रॅम पालकाची पातळ भाजी ४७०, एक अंडं ७५, एक पेला दूध ९०, भातावर चमचाभर तूप ४०, आणि पपईच्या मोठ्या दोन फोडी ७०. झाले ७४५. वरून सांभाराची चटणी घेतली की ८४० ला पोचायला काही उरत नाही. अंडं नको असेल तर पाव वाटी गाजर किसून फोडणी देऊन टाका. यात एकही महाग वस्तू नाही.

आणि नुसतं व्हिटॅमिन ए येऊन भागत नाही, लिव्हरमधून ते बाहेर काढून डोळ्यापर्यंत न्यायला एक प्रोटीन लागते आणि ते बनायला झिंक लागते. म्हणून डाळ, चणे, फुटाणे, तीळ, अंडं. पोरं कुपोषित असतील तर पालक खाऊनही उजेड पडत नाही त्याचं कारण हे. पोटात जंत असतील तर तेही शोषण बिघडवतात, शाळा-अंगणवाडीत जंताची गोळी देतात ती पोरांनी थुंकून येऊ नये एवढं बघा.

लहान पोरांचे डोस

बाळंतिणीचं पहिलं पिवळसर घट्ट दूध, चीक म्हणतात ते, त्याचा पिवळेपणा कॅरोटीनचाच असतो आणि त्यात व्हिटॅमिन ए ठासून भरलेलं असते. ते पिळून टाकून मध चाटवायची पद्धत अजून काही घरांत आहे, बंद करा बाप्पा. सहा महिने फक्त आईचं दूध, मग वरचं अन्न सुरू करताना घोटलेलं कोहळं, पालक घातलेली मऊ खिचडी, वर तुपाचा थेंब.

सरकारी डोसचं वेळापत्रक असं आहे. नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाच्या लसीसोबत पहिला डोस, १ लाख युनिट, म्हणजे सिरपचा १ मिली. मग दीड वर्षाला २ लाख युनिट, म्हणजे २ मिली, आणि तिथून पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी २ मिली. एकूण ९ डोस होतात. पहिले एक-दोन डोस लसीच्या निमित्ताने होतात, पुढचे मात्र लोक विसरतात कारण सुई नसते म्हणून आठवणही राहत नाही. अंगणवाडीत किंवा आरोग्य केंद्रात मोहीम असते तेव्हा आशाताई आवाज देतात, खाजगी डॉक्टरकडे लसी घेणाऱ्यांनी तर खास विचारावं की व्हिटॅमिन एचा डोस झाला का, कारण लसीच्या यादीत तो कित्येकदा राहूनच जातो. एखादा चुकला तर पुढच्या भेटीत द्यायचा, आधीचा चुकला म्हणून दोन एकदम द्यायचे नाहीत. दोन डोसांत सहा महिन्यांचं अंतर, आणि माता बाल संरक्षण कार्डावर तारीख लिहून घ्यायची म्हणजे घरी आजीने मोहिमेत पाजलं आणि आईने डॉक्टरकडे परत पाजलं असं होणार नाही. डोसनंतर एखाद्याला दिवसभर मळमळ किंवा डोकं दुखणं होते, ते आपोआप जाते.

पोराला गोवर झाला असेल तर डॉक्टर दोन दिवस लागोपाठ व्हिटॅमिन ए देतात, वयाप्रमाणे. देवी आली म्हणून घरीच कडुलिंबाचा पाला टाकून ठेवू नका, गोवरात हे व्हिटॅमिन शरीरातून झपाट्याने खाली जाते आणि डोळे तेव्हाच जातात.

मेडिकलमधून काय आणू नये

पालेभाजी-गाजर कितीही खा, विषबाधा होत नाही, शरीर लागेल तेवढंच बदलून घेते. फार झालं तर तळहात-तळपाय पिवळे-केशरी होतात, कावीळ झाली म्हणून लोक घाबरतात, पण कावीळमध्ये डोळ्याचं पांढरं पिवळं होते आणि यात ते पांढरंच राहते. गाजर कमी केलं की उतरते.

तयार रेटिनॉलचं तसं नाही. मोठ्या माणसाला रोजची वरची मर्यादा ३००० मायक्रोग्रॅम, म्हणजे १०,००० युनिट. आणि काउंटरवर मिळणारी एक कॅप्सूल २५ हजार किंवा ५० हजार युनिटची असते! मैत्रिणीने सांगितलं केस आणि त्वचा चांगली होते म्हणून महिनोन्‌महिने घेतली तर उलट केसच गळतात, त्वचा सोलवटते, डोकं दुखते, हाडं दुखतात, लिव्हर खराब होते. कॉड लिव्हर ऑइलच्या कॅप्सूल आणि मल्टिव्हिटॅमिन दोन्ही घेत असाल तर दोघांच्या डब्यावरचा आकडा एकत्र करून बघा.

गरोदरपणात तर हा विषय गंभीर आहे, सुरुवातीच्या महिन्यांत जास्त रेटिनॉलने बाळात जन्मजात दोष येऊ शकतात. कलेजी टाळायची ती म्हणूनच. मुरुमांसाठी त्वचेचे डॉक्टर आयसोट्रेटिनॉइन देतात तेही याच घराण्यातलं औषध, ते चालू असताना आणि बंद केल्यावर महिनाभर दिवस राहू द्यायचे नाहीत, आणि त्याच्यासोबत वरून व्हिटॅमिन एची गोळी घ्यायची नाही. पोरी मैत्रिणीच्या चिठ्ठीवर हे औषध आणून घेतात, घरच्यांना माहीतही नसते, म्हणून लिहिलं.

सिगारेट-बिडी ओढणाऱ्यांनी बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घ्यायच्या नाहीत. फिनलंडमध्ये २९ हजार सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर प्रयोग झाला, वाटलं होतं कॅन्सर कमी होईल, १९९४ मध्ये निकाल आला तर रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांमध्ये फुफ्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त. भाजीतून येणाऱ्याने असं होत नाही, गोळीतल्याने होते. वयानुसार पडदा झिजतो त्यासाठी डॉक्टर ज्या गोळ्या देतात त्यातूनही पुढे बीटा-कॅरोटीन काढून त्याजागी ल्युटिन घातलं ते याच कारणाने, तेव्हा जुनी चिठ्ठी दाखवून गोळ्या आणू नका.

दिवसभर मोबाइल आणि रात्रभर तोंडावर कूलरची हवा घेऊन डोळे कोरडे पडून राहिले असतील तर तो व्हिटॅमिन एचा प्रश्न नाही, पापण्या मिटत राहा आणि कूलरचं तोंड फिरवा. डोळ्यात मध, गुलाबजल, कांद्याचा रस, पोरांच्या डोळ्यात बोटाने काजळ, हे काहीच नको.

पोराला संध्याकाळी दिसत नाही अशी शंका आली किंवा पांढरा डाग दिसला तर घरी सिरप पाजून बघू नका, त्याच दिवशी डोळ्यांच्या किंवा बालरोग डॉक्टरकडे न्या. नागपुरात मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी दवाखान्यांत डोळ्यांचा विभाग आहे, जवळच्या आरोग्य केंद्रातूनही पाठवतात. उपचार साधा आहे, एक मोठा डोस त्याच दिवशी, दुसरा दुसऱ्या दिवशी आणि तिसरा दोन आठवड्यांनी, आणि रातांधळेपणा तर एक-दोन दिवसांतच सुधारायला लागतो. जाताना कार्ड सोबत घ्या, शेवटचा डोस कधी झाला ती तारीख, गेल्या दोन-तीन महिन्यांत गोवर किंवा लांबलेले जुलाब झाले होते का ते, आणि घरातली कोणती गोळी किंवा सिरप चालू आहे त्याचं पाकीट. धाकटं भावंड असेल तर त्यालाही सोबत न्या, दोघं एकाच ताटातून जेवत असतात.